कोळंबीचा काय गुन्हा?

रत्नागिरीच्या एका वाचकाचा प्रश्न आला: भारताचा कर गूगल-अ‍ॅमेझॉनवर, मग अमेरिकेने डोळे कोळंबीवर का वटारले?

अमेरिकेच्या १९७४ च्या व्यापार कायद्यात कलम ३०१ आहे. परदेशी सरकारचे एखादे धोरण अमेरिकी व्यापाराला अन्यायकारक ठरले, की त्या देशाच्या मालावर जादा आयातशुल्क बसवता येते. मालाचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध असावा लागत नाही. फ्रान्सने २०१९ मध्ये बड्या डिजिटल कंपन्यांच्या तिथल्या उत्पन्नावर ३ टक्के कर बसवला, तेव्हा वॉशिंग्टनच्या यादीत फेसाळ वाइन, चीज आणि हँडबॅगा होत्या. पुढे वाइन आणि चीज वगळले; साबण, सौंदर्यप्रसाधने, हँडबॅगा राहिल्या. हिशेब उघड आहे: गूगलच्या वकिलाचे पॅरिसमध्ये कोणी ऐकणार नाही, हँडबॅगवाल्याचे मात्र ऐकतील.

भारताने ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्के ‘गूगल टॅक्स’ २०१६ मध्येच लावला होता. अमेरिका बिथरली ती २०२० मध्ये परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांवर २ टक्के लावल्यावर. जून २०२१ मध्ये तिने कोळंबी, बासमती, दागिने अशा मालावर २५ टक्के शुल्क जाहीर केले आणि त्याच दमात ते १८० दिवसांसाठी स्थगितही केले.

या शुल्कापोटी एक डॉलरही वसूल झाला नाही. फ्रान्सच्या बाबतीतही नाही. तलवार टांगती ठेवण्यातच सगळी करामत.

कॅनडाने तर शरणागतीचा विक्रमच केला. तिथल्या डिजिटल करावरून ट्रम्प यांनी २७ जून २०२५ ला व्यापारचर्चा तोडली. २९ जूनच्या रात्री, कंपन्यांनी पहिला भरणा करायची मुदत दुसऱ्या दिवशी असताना, ओटावाने कर मागे घेतला. उलट ब्रिटनने त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेशी करार केला आणि आपला २ टक्के कर शाबूत ठेवला. म्हणजे ही तलवार अमोघ नाही. समोरचा किती घाबरतो, त्यावर तिची धार ठरते.

आणि कोळंबी? भारताने २ टक्क्यांचा कर १ ऑगस्ट २०२४ पासून काढला, ६ टक्क्यांचा १ एप्रिल २०२५ पासून. पाचच महिन्यांत, २७ ऑगस्टपासून, अमेरिकेने भारतीय मालावरचे जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेले, निम्मे रशियन तेलाचे कारण देऊन. औषधे, स्मार्टफोन वगळले गेले, कोळंबी नाही. गूगल टॅक्सवर पाणी सोडून दिल्लीने कोळंबीवाल्यांसाठी काहीही मिळवले नाही, हेच रत्नागिरीकरांना उत्तर.