गोळी, तारीख आणि विचारपूस (लेखांक 6)

एचआयव्हीचा विषाणू औषधांना दाद का देईनासा होतो, याचा विचार मागील लेखांकात झाला. या बिघाडाची सुरुवात बहुधा चुकलेल्या गोळ्यांपासून होते. रक्तातील औषधाची पातळी उतरली की विषाणू पुन्हा आपल्या प्रती काढू लागतो, त्या प्रतींमध्ये चुका होत राहतात आणि त्यांतील एखादी चूक त्याला औषधापुढे टिकून राहण्याचे बळ देते. गोळ्या ठरल्या वेळी, खंड न पाडता, आयुष्यभर घेत राहण्याला उपचारसातत्य म्हणतात, आणि ते राखण्यात संगणक प्रणालींचा कितपत हातभार लागतो, हे येथे पाहायचे आहे.

भारतात विषाणूविरोधी उपचार, म्हणजे एआरटी, 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागले. पूर्वी बहुतेकांना दिवसातून दोनदा औषध घ्यावे लागे. आता टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डॉल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत येतात व ती दिवसातून एकदा घ्यायची असते. सातत्य मोजण्याचा हिशेब साधा आहे: 30 गोळ्या घेऊन गेलेली व्यक्ती 33 दिवसांनी, एकही गोळी शिल्लक नसताना परत आली, तर तिचे सातत्य 91 टक्के भरते, आणि अपेक्षा मात्र 95 टक्क्यांहून अधिकची असते. हा हिशेब करून नियत तारीख उलटलेल्यांची यादी काढण्याचे काम संगणक चोख करतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या, 'सोच' या देशव्यापी प्रणालीत तपासण्या आणि औषधवाटपाच्या नोंदी एकत्र ठेवल्या जातात. परंतु तारीख का उलटली, हे यादीतून कळत नाही.

हडपसरसारख्या उपनगरात या 'का'ची उत्तरे अनेक असू शकतात. पुणे-सोलापूर रस्त्यावरील या एकाच वस्तीत औद्योगिक वसाहतीतील पाळीचे कामगार, मालवाहू गाड्यांचे चालक, रोजंदारीवरील मजूर आणि मगरपट्ट्यातील संगणक कंपन्यांचे कर्मचारी राहतात. रात्रपाळीवाल्याच्या जेवणाची व झोपेची वेळ दर आठवड्याला बदलते, चालक औषध संपते त्या दिवशी परराज्यात असतो, ससून रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात जायचे तर मजुराचा दिवसाचा रोजगार बुडतो, आणि ज्या घरात आजार कोणालाही सांगितलेला नाही तेथे गोळीची बाटली ठेवायची कोठे, हाच प्रश्न असतो. यांपैकी विस्मरणावर संदेश उपयोगी पडेल. बुडालेल्या रोजगारावर तो काय करणार?

या शंकेला संशोधनाचा आधार आहे. केनियात झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 538 रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला आठवड्यातून एकदा मोबाइलवर केवळ खुशाली विचारली जाई, 'ठीक' किंवा 'अडचण' असे उत्तर 48 तासांत अपेक्षित असे, आणि अडचण कळवणाऱ्याला आरोग्य कर्मचारी स्वतः फोन करी. या गटात 62 टक्के रुग्णांचे सातत्य समाधानकारक राहिले, तर दुसऱ्या गटात 50 टक्क्यांचे. केनियातीलच दुसऱ्या एका चाचणीत आठवड्याच्या संदेशाने फरक पडला, पण रोजच्या संदेशाने पडला नाही. रोज तेच सांगणाऱ्या यंत्राकडे माणूस लक्ष देईनासा होतो, असे त्याचे कारण असावे. दक्षिण भारतातील 631 रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष 2014 मध्ये आला. तेथे दर आठवड्याला रुग्णाच्या भाषेत ध्वनिमुद्रित फोन येई व एक चित्रसंदेश येई, तरीही सुमारे दोन वर्षांच्या अखेरीस उपचार निष्फळ ठरण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी असल्याने सरळ तुलना करता येत नाही. मात्र केनियात यंत्रामागे एक माणूस उभा होता, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी खचितच नाही.

क्षय आणि एचआयव्ही हे दोन्ही आजार असलेल्यांसाठी भारतात '99डॉट्स' ही वेगळी पद्धत वापरली गेली. क्षयाच्या गोळीच्या पाकिटाला एक आवरण असते, गोळी बाहेर काढल्यावर आत दडलेला क्रमांक दिसतो, आणि त्या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाने फोन केला की मात्रेची नोंद होते. अर्थात, ही नोंद पाकीट उघडल्याची असते, गोळी गिळल्याची नव्हे.

सर्वांत नाजूक बाब गोपनीयतेची आहे. पुष्कळ घरांत फोन सामायिक असतो, आणि पडद्यावर झळकलेली एक ओळ घर मोडायला पुरेशी ठरते. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा 2017 मध्ये संमत होऊन 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्याने व्यक्तीच्या संमतीशिवाय तिची एचआयव्हीविषयक माहिती उघड करण्यास मनाई केली आणि अशा नोंदी सुरक्षित ठेवण्याचे बंधन संस्थांवर घातले. म्हणून संदेशात आजाराचे वा औषधाचे नाव नसावे, तो कोणत्या वेळी यावा हे रुग्णाने ठरवावे, आणि नको असल्यास तो बंद करण्याची सोय असावी. मगरपट्ट्यात असे कार्यक्रम लिहू शकणारे तरुण हजारोंनी आहेत. त्यांनी हे काम हाती घेतले, तर आराखडा काढण्यापूर्वी एआरटी केंद्रातील समुपदेशकांशी आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांशी बोलावे.

संगणकाने तारीख चुकलेली व्यक्ती शोधावी आणि समुपदेशकाने तिची विचारपूस करावी, हीच विभागणी आजवरच्या अनुभवाला धरून आहे. समुपदेशकांची पदे कमी करून त्यांच्या जागी यंत्र बसवणे रुग्णांच्या जिवावर बेतेल. ज्यांच्या गोळ्यांत खंड पडला आहे, त्यांनी संकोच न करता आपल्या केंद्रात परत जावे. मार्गदर्शनासाठी नाकोची 1097 ही निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.