मुलाच्या मनाचे दुखणे शाळेत कोणी ओळखावे?

बैल वैरणीला तोंड लावीना, रवंथ करीना, कान पाडून एका जागी उभा राहिला, की शेतकरी काय म्हणतो? "याचं काहीतरी बिनसलंय." तो काही गुरांचा डॉक्टर नसतो. पण रोजचा सहवास असतो, म्हणून त्याला कळते. आपल्या भागात आता बैल कमी झाले आणि यंत्रे वाढली. भोसरीला किंवा चाकणला कंपनीत काम करणाऱ्याला विचारा. मशीनचा आवाज बदलला की ऑपरेटरला आधी कळते. तो स्वतः मशीन उघडून बसत नाही. ते बंद करतो आणि मेन्टेनन्सवाल्याला हाक मारतो.

मुलाचे मन दुखत असेल, तर ते घरी आईबापांना कळावे आणि शाळेत मास्तरांना. पण कळते का? मी मॅट्रिक होऊन डी.एड. केलेला मास्तर. सारा जन्म शाळेत गेला. शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक होतो. तरी मला कळले नव्हते. ती हकिगत आधी सांगतो.

२००८ सालचा पावसाळा होता. सातवीत एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. घरची माणसे मराठवाड्यातून पोटासाठी आलेली. बाप कंपनीत कंत्राटी कामगार. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. आई चार घरची धुणीभांडी करी. राहायला पत्र्याची एक खोली. मुलगा तसा चुणचुणीत. पण शाळा उघडली तेव्हापासून तो मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. वर्गात पेंगे. विचारले, की मान खाली. कधी म्हणे पोट दुखते, कधी म्हणे डोके. मी म्हटले, ही अभ्यास चुकवायची सोंगे. एकदा पाढे येईनात म्हणून मी त्याला छडी मारली. त्याने हात मागे घेतला नाही. रडलाही नाही. मारून माझाच हात थांबला, पण त्याचा अर्थ काही मला लागला नाही.

अर्थ लागला तो खिचडी शिजवणाऱ्या बाईंना. त्या एक दिवस ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "गुरुजी, रागावू नका. ते पोरगं तीन आठवडे झालं ताटात नुसता हात फिरवतंय. आधी दोनदा मागून घ्यायचं. आता भिंतीकडं तोंड करून बसतंय. मला काय ते बरं दिसत नाही."

रविवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. बाप रात्रपाळी करून झोपला होता. आई म्हणाली, "बाहेरचं झालंय म्हणून अंगारा आणलाय, गुरुजी." हळूहळू सगळे कळले. मे महिन्यात गावाकडे आजी वारली होती. आजीनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. एसटीचे भाडे वाचावे म्हणून बाप एकटाच मातीला गेला. मुलगा इथेच राहिला. तेव्हापासून त्याला रात्री झोप नव्हती. आई पुढे म्हणाली, "परवा म्हणत होता, मी पण आजीकडं जातो." तिला वाटले, पोराला गावाची आठवण येते आहे. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी बापाने खाडा केला. आम्ही तिघे पिंपरीला मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी मुलाला बोलते केले. बापाला सांगितले, एकदा याला गावी नेऊन आणा, आजीच्या घरात दोन दिवस राहू द्या. मग दर पंधरा दिवसांनी बोलावले. दिवाळीची सुट्टी संपल्यावर बाईंनीच येऊन मला सांगितले, की आज त्याने खिचडी पुन्हा मागून घेतली. पुढे बापाचे कंत्राट संपले आणि ती माणसे दुसरीकडे गेली.

आता तुम्ही म्हणाल, लहान पोरांना कसला आला मनाचा आजार? आपल्या देशात २०१५-१६ साली मनाच्या आजारांची मोठी पाहणी झाली. बंगळूरच्या निमहान्स या संस्थेने ती १२ राज्यांत केली. १३ ते १७ वर्षे वयाच्या दर १०० मुलांपैकी सुमारे ७ मुलांना मनाचा काही ना काही आजार आढळला. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात तीन मुले धरा. ती आपल्याच आळीतली असतात. वेडे म्हणावे असे त्यांच्यात काही दिसत नाही.

आणि आपल्या भागाचे थोडे निराळे आहे. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहू लागला. १९६२ साली एमआयडीसी आली. १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे चाकणची शेते कंपन्यांच्या आवारात गेली. हाताला काम मिळाले, ते चांगलेच झाले. पण एका शाळेत आता दहा जिल्ह्यांची मुले येतात, आणि बिहारची, उत्तर प्रदेशचीही. आजी-आजोबा गावी राहतात. बाप पाळीवर जातो तेव्हा मूल झोपलेले, येतो तेव्हा मूल शाळेत. ज्याची जमीन गेली त्याच्या घरी पैशाची भांडणे, ज्याला जमीनच नव्हती त्याच्या घरी भाड्याची काळजी. मुलाशी चार शब्द बोलायला कोण उरते? शाळेतली माणसे. म्हणून त्यांना ही ओळख शिकवली पाहिजे.

ओळखायचे काय? मूल एखादा दिवस रुसले, परीक्षेच्या आधी घाबरले, तर तो आजार नव्हे. पण दोन आठवडे उलटले तरी मूल कोमेजलेलेच राहिले, तर लक्ष द्यावे. मोठा माणूस उदास होतो तेव्हा गप्प बसतो. मूल पुष्कळदा चिडते, मारामारी करते. आपण त्याला द्वाड म्हणतो, आणि खरे कारण तसेच राहते. झोप उडते किंवा फार वाढते. जेवण तुटते. सारखे पोट आणि डोके दुखते, आणि तपासणीत काही सापडत नाही. हे दुखणे खोटे नसते बरे. सोबती सुटतात, खेळ सुटतो, मार्क एकदम खाली येतात. काही मुले आपल्याच अंगाला इजा करून घेतात आणि उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा घालतात. क्वचित एखाद्याला कोणी नसताना आवाज ऐकू येतात. आणि "मी नसतो तर बरं झालं असतं" असे कोणी म्हणाले, किंवा आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, तर उद्यावर ढकलू नये.

यावर सरकारने काय केले आहे? २०२० साली शाळांसाठी आरोग्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक बाई, शिकवून तयार करायचे आहेत. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. मुलांच्या मनाचे आरोग्य हा त्यांच्या शिक्षणाचा एक भाग आहे. पुढे आंध्रात वसतिगृहात राहून परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी दगावली. तिच्या वडिलांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यात न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला आणि देशभरच्या शाळा-कॉलेजांना नियम घालून दिले. शाळेतल्या सर्वांना वर्षातून निदान दोनदा जाणकारांकडून हे शिक्षण द्यायचे. धोक्याच्या खुणा ओळखणे, मनाचा प्रथमोपचार करणे, आणि मुलाला पुढे कोणाकडे पाठवायचे, हे त्यात शिकवायचे. सर्वांना म्हणजे नुसत्या मास्तरांना नव्हे. शिपाई, कारकून, हेही त्यात आले. मला हे वाचून आमच्या खिचडीच्या बाई आठवल्या. शंभर किंवा जास्त मुले असतील तेथे एक शिकलेला समुपदेशक, म्हणजे मुलाचे ऐकून घेऊन वाट दाखवणारा माणूस, नेमायचा. कमी मुलांच्या शाळेने बाहेरच्या जाणकाराशी कायमचे संधान ठेवायचे.

दोन दिवसांच्या शिबिराने कोणी डॉक्टर होत नाही. होऊही नये. "याला अमुक रोग झालाय" असे मास्तराने म्हणायचेच नाही. चहा घेऊन, सही करून परत येणारे मास्तरही मी पाहिले आहेत. पण नीट शिकलेला माणूस एवढे तरी करतो: मुलाला बाजूला घेतो, चारचौघांत विचारत नाही. आपण कमी बोलतो, त्याचे जास्त ऐकतो. "तुझ्यापेक्षा गरीब मुलं शिकली" असले दाखले देत नाही. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारतो. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मुलाचा भार हलका होतो. "कोणाला सांगू नका" असे मूल म्हणाले, तर जिवाच्या गोष्टीत तसे वचन देत नाही. त्याला एकटे सोडत नाही, आणि त्याच दिवशी घरी कळवतो.

घरी कळवल्यावर आपण काय करायचे? मारायचे नाही, आणि लोक काय म्हणतील म्हणून झाकायचेही नाही. फवारणीचे औषध घरात किंवा गोठ्यात उघडे असेल, तर आजच कुलपात घाला. रागाची एक घडी टळली, की पुष्कळदा जीव वाचतो. पोलिसांची भीती धरू नका. २०१७ च्या कायद्याने, असा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या ताणाखाली होता असेच धरायचे आहे. त्याला उपचार द्यायचे, शिक्षा नाही.

१४४१६ हा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. टेली-मानस म्हणतात त्याला. २०२२ साली सुरू झाला. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात मनाच्या आजारांचा विभाग आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचे नाव काढले की आपली माणसे दचकतात. पण तेथेही बाहेरच्या बाहेर तपासून घरी जाता येते.

आणि शाळेच्या सभेला जा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत चारांत तीन सभासद पालक असतात. तुम्ही आता वाचू-लिहू लागला आहात, तेव्हा कागद मागायला लाजू नका. मुख्याध्यापकांना विचारा: हे शिक्षण कोणकोणत्या तारखांना झाले? कोणी घेतले? शिपाई आणि स्वयंपाकाच्या बाई त्याला होत्या का? सह्यांचा कागद पाहायला मागा.