अंतर जास्त, तरी वेळ कमी

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा सुमारे 12,400 किलोमीटरची. मध्य आशिया आणि सायबेरिया ओलांडून ती आर्क्टिक प्रदेशात शिरते. पण मार्ग ठरवताना विमान कंपनीला अंतराइतकाच वाऱ्याचाही विचार करावा लागतो.

ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने याचा उत्तम दाखला दिला. त्याआधी कंपनीचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पश्चिमेकडे, युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. ते पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 किलोमीटर झाले आणि प्रवास मात्र जवळपास दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला.

हिशेब करून पाहू. 15,300 ला साडेचौदाने भागले की ताशी सरासरी वेग येतो सुमारे 1,055 किलोमीटर. एवढ्या मोठ्या प्रवासी विमानाचा हवेतला वेग साधारण 900 असतो. वरचे दीडशे वाऱ्याने दिले.

अनेकांना वाटते, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पूर्वेकडे जाणारे विमान लवकर पोहोचते. तसे असते तर पश्चिमेकडे जाणाऱ्यांचाच फायदा झाला असता; मुक्कामाचे ठिकाण समोरून चालत आले असते. पण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते. खरे कारण आहे जेट प्रवाह. विषुववृत्ताकडची हवा उष्ण, ध्रुवाकडची थंड. या फरकामुळे उंचावरची हवा ध्रुवाकडे सरकू लागते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळते. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटरवर, म्हणजे विमाने उडतात त्याच थरात, हे वारे ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे जातात.

जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले. त्यांनी अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला आणि जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना या वाऱ्यांनी हैराण केले, तेव्हा त्यांचे महत्त्व पटले.

आज प्रत्येक लांब उड्डाणाआधी वाऱ्याचे अंदाज पाहून मार्ग आखला जातो. सर्वांत आखूड मार्गापेक्षा कमी वेळ आणि कमी इंधन लागणारा मार्ग श्रेष्ठ ठरतो. त्यात हवाई हद्दींची बंधनेही पाळावी लागतात.

म्हणून परदेशी जाताना आणि परतताना लागणारा वेळ वेगळा असेल, तर नवल मानू नका. आसनासमोरच्या पडद्यावर जमिनीच्या तुलनेतला वेग दिसतो, अनेकदा वाऱ्याचाही. ते आकडे जरूर पाहा. विमान वेळेआधी का पोहोचले, याचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळेल.