उन्मळलेला वृक्ष

वादळात वृक्ष उन्मळला, की बहुधा चूलच त्याच्या नशिबी येते. वेल्समधील ब्लायनाय फेस्टिन्योग येथील शिल्पकार डेव्हिड नॅश यांनी पडलेल्या, रोगाने मरू घातलेल्या झाडांना मात्र यंत्राच्या साखळी-करवतीने निराळे आयुष्य दिले.

ओल्या लाकडात ही करवत सहज उतरते. अडचण पुढे येते. लाकूड वाळताना बाहेरचे थर आधी आकसतात. शिवाय वर्षवलयांच्या वळणाने होणारे आकुंचन गाभ्याच्या दिशेने होणाऱ्या आकुंचनाच्या सुमारे दुप्पट असते. म्हणून अखंड ओंडका तडकतोच. खुर्ची घडवणारा सुतार यासाठी फळ्या पाडतो, टोकांना मेण लावतो आणि इंचभर जाडीला वर्षभर, या ठोकताळ्याने थांबतो. त्याच्या धंद्यात भेग म्हणजे नुकसान.

नॅश यांना ती भेगच हवी होती. १९७९ साली त्यांनी मुद्दाम ओल्या ओकची पेटी जोडली व तिला तडकू दिले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कोरलेला ओकचा प्रचंड गोटा ओढ्यातून नेताना अडकला. त्यांनी तो तिथेच राहू दिला. पुरांनी ढकलत नेलेला तो गोटा २००३ साली खाडीत दिसेनासा झाला आणि दहा वर्षांनी पुन्हा वर आला.