खाडीकाठचा वसंत : आगमनाचा आणि निरोपाचा

पंचांगाप्रमाणे चैत्र व वैशाख हे वसंत ऋतूचे महिने होत. वसंतपंचमी मात्र माघात येते. कोकण किनाऱ्यावरील पक्ष्यांचे वेळापत्रक पाहू जाता माघाचाच कौल अधिक खरा मानावा लागतो. नगरवासीयांना ऋतू बदलल्याची जाणीव बहुधा पंखा सुरू करावा लागला म्हणजे होते. परंतु त्यापूर्वीच, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, वसाहतीतील झाडांवर आणि खाडीच्या चिखलावर या बदलाची चिन्हे उमटू लागलेली असतात. ही चिन्हे ओळखणे आणि त्यांची पद्धतशीर नोंद ठेवणे हे केवळ हौशी पक्षीनिरीक्षकांचे काम नाही. शाळा आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनाही त्यात मोलाचा वाटा उचलता येईल. नवी मुंबईतील कोपरखैरणे परिसराच्या आधारे या विषयाचा येथे परिचय करून देण्यात येत आहे.

परिसराची ओळख

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेस नव्या शहराची उभारणी सुरू झाली. वाशीच्या उत्तरेस आणि घणसोलीच्या दक्षिणेस असलेले कोपरखैरणे हे त्यातील एक दाट वस्तीचे उपनगर होय. पूर्वेस ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा व त्यामागे पारसिकचे डोंगर, पश्चिमेस तिवरांचे वन आणि त्यापलीकडे खाडी, अशी या भूभागाची रचना आहे. येथील मूळच्या आगरी व कोळी कुटुंबांची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या भातशेती, मीठ आणि मासेमारी यांवर चालत आली. उधाण आणि भांग, भरती आणि ओहोटी यांचे गणित त्यांना तोंडपाठ असे.

ऐरोली व वाशी येथील पुलांच्या दरम्यानचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. २०२२ साली या खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. नांदूर मधमेश्वर व लोणार यांच्यानंतर हा मान मिळविणारे हे राज्यातील तिसरे स्थळ होय. म्हणजे कोपरखैरण्याच्या रहिवाशांच्या दारात जगाने दखल घेतलेला ठेवा आहे.

घरच्यांची लगबग

प्रथम वसाहतीतील झाडांकडे वळू. फेब्रुवारीत तांबट पक्ष्याचा ‘टुक्‌ टुक्‌’ असा एकसुरी आवाज दुपारच्या वेळीही ऐकू येऊ लागतो. तांबट वाळलेल्या फांदीत चोचीने ढोली कोरून घरटे करतो. याच सुमारास दयाळ पहाटे उंच जागी बसून गाऊ लागतो. एरवी तो वर्षातील बराच काळ मुकाट असतो. हिवाळ्यात मादीसारखा फिकट दिसणारा जांभळ्या शिंजीराचा नर आता गडद, चकाकता वेष धारण करतो. पांगारा, पळस आणि काटेसावर फुलतात व त्यांच्या मधुरसावर साळुंक्या, बुलबुल, कावळे आणि भोरड्या यांची गर्दी होते. मोकळ्या भूखंडांवर टिटवी अंडी घालण्याची जागा शोधू लागते. तिचे घरटे म्हणजे खड्यांमध्ये केलेला उथळ खळगा. त्यातील ठिपकेदार अंडी जवळून जाणाऱ्यासही सहसा दिसत नाहीत.

मार्चमध्ये कोकीळ गाऊ लागतो. वास्तविक कोकीळ हा बारमास येथेच राहणारा पक्षी. हिवाळ्यात तो गप्प असल्याने आपणास तो नव्याने आल्यासारखा वाटतो, इतकेच. ‘कोकिळा गाते’ असे म्हणण्याची आपली रीत असली तरी ते सुपरिचित ‘कुऊ कुऊ’ गाणे काळ्या नराचे असते. ठिपकेदार मादीचा आवाज निराळा, घाईचा आणि किंचित कर्कश असतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना दोहोंतील फरक प्रत्यक्ष ऐकवावा.

कांदळवनात कोल्ह्यांचे वास्तव्य असल्याचेही ऐरोली-घणसोली भागात आढळून आले आहे. पिलांच्या संगोपनाचा त्यांचा काळ याच महिन्यांत सुरू होतो. त्यांना खाद्य टाकण्याचा किंवा त्यांचा माग काढण्याचा मोह या दिवसांत विशेषत्वाने टाळला पाहिजे.

पाहुण्यांची परतीची तयारी

खाडीवरील चित्र याहून वेगळे आहे. युरोपात वसंत म्हणजे दक्षिणेकडून येणाऱ्या पक्ष्यांचे आगमन. आपल्याकडे मात्र तो हिवाळी पाहुण्यांच्या निरोपाचा काळ होय. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मुक्कामास असलेले पक्षी आता प्रस्थानाची तयारी करू लागतात. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळ्यात जवळजवळ पांढरे असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यावर तपकिरी टोपी चढते. करड्या रंगाच्या पाणटिवळ्याच्या मानेवर व छातीवर विटकरी छटा येते. ही प्रवासाची आणि विणीच्या हंगामाची चाहूल असते.

रंगापेक्षाही महत्त्वाचा बदल डोळ्यांस सहज दिसत नाही. तो म्हणजे वजनातील वाढ. छोटा टिलवा हा जेमतेम चिमणीएवढा पक्षी सैबेरियाच्या उत्तर टोकाकडील प्रदेशात वीण करतो. तेथवर जाण्यासाठी लागणारे इंधन त्याला चरबीच्या रूपाने शरीरात साठवावे लागते. दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या काही जातींचे वजन प्रस्थानापूर्वी जवळजवळ दुप्पट होते. हे इंधन येते ते ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलातून. त्यातील कृमी, लहान खेकडे व शिंपले हेच या पक्ष्यांचे धान्यकोठार होय.

रोहित पक्ष्यांचे वेळापत्रक थोडे उशिराचे असते. १९९० च्या दशकापासून ते मोठ्या संख्येने मुंबई परिसरात येऊ लागले. लहान रोहित चोचीतील गाळणीने पाण्यातील सूक्ष्म शैवाल गाळून खातो. त्याच्या पंखांचा गुलाबी रंगही याच आहारातील रंगद्रव्यांपासून येतो. रोहितांचे थवे मे महिन्यापर्यंत खाडीत दिसतात. भारतातील त्यांचे सुप्रसिद्ध वीणस्थान कच्छच्या रणात असून डॉ. सालिम अली यांनी १९४० च्या दशकात तेथील वसाहतीचा अभ्यास केला होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ साली ठाणे खाडीतील काही रोहितांना उपग्रहाद्वारे माग देणारी उपकरणे बसविली. त्यामुळे गुजरातशी असलेला त्यांचा संबंध अधिक स्पष्ट झाला.

दोन जागांची गरज

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ओहोटीत चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी तेथे चरतात. भरतीत तोच चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा त्यांना विसाव्यासाठी जवळपास उथळ पाण्याची शांत जागा लागते. खाडीलगतची तळी, धारण तलाव आणि मिठागरे ही गरज भागवितात. चरण्याची जागा शिल्लक राहिली, पण विसाव्याची गेली, तर पक्ष्यांना भरतीचा सारा काळ हवेत किंवा दूरच्या जागी घालवावा लागतो आणि साठविलेली चरबी वृथा खर्च होते. एखादी नळवाहिनी तुंबली वा बुजविली गेली, भरतीचे पाणी तळ्यात येईनासे झाले, तर तळे कोरडे पडते किंवा शेवाळाने भरून जाते. नेरूळ येथील ‘डीपीएस तलाव’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाणथळीबाबत २०२४ साली हाच प्रश्न ऐरणीवर आला होता. पुढील वर्षी ते क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून जाहीर करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. कागदोपत्री अभयारण्याची सीमा खाडीत आखलेली असली, तरी पक्ष्यांचे जीवन त्या सीमेबाहेरील लहानसहान तळ्यांवरही अवलंबून असते, हा यातील बोध होय.

नोंद कशी ठेवावी

इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली वसंताच्या चिन्हांची नोंद सुरू केली. त्याच्या वंशजांनी ती १९५८ पर्यंत चालविली. आज हवामानबदलाचे अभ्यासक त्या साध्या तारखांचा उपयोग करतात. मात्र मार्शमच्या नोंदींचा भर पहिल्या दर्शनावर होता. आपल्या किनाऱ्यावर तेवढ्याने भागत नाही. पक्षी प्रथम दिसल्याचा दिवस त्याच दिवशी कळतो, पण अखेरचा दिसल्याचा दिवस तो निघून गेल्यावरच कळतो. म्हणून निरोपाची तारीख हवी असल्यास आठवड्यातून एकदा तरी ठरलेल्या जागी जाऊन नोंद केली पाहिजे, आणि काही न दिसल्यास ‘आढळला नाही’ असेही लिहिले पाहिजे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तिच्या जोडीला फेब्रुवारी ते मे या काळातील अशा स्थानिक नोंदी झाल्यास चित्र पूर्ण होईल.

नोंदीत दिनांक, वेळ, जागा, पक्ष्याचे नाव, अंदाजे संख्या आणि भरती-ओहोटीची स्थिती एवढे रकाने पुरेत. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे केवळ घड्याळाच्या वेळेवरून दोन दिवसांची तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते. नाव निश्चित ठाऊक नसल्यास अंदाज न करता वर्णन लिहावे. निरीक्षण दुरूनच करावे आणि घरट्याची नेमकी जागा सर्वांस सांगत सुटू नये.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. पुष्कळदा ही नोंदवही एकदा तयार होऊन कपाटात राहते. शाळांनी ठेवलेल्या ऋतुमानाच्या नोंदी दरवर्षी तिला जोडल्या, तर ती जिवंत राहील. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनाही हे विनाखर्च करता येईल. अशी नोंद हाती असल्यास नालेसफाई, तलावातील गाळ काढणे किंवा वृक्षछाटणी यांच्या तारखा ठरविताना अधिकाऱ्यांना तिचा प्रत्यक्ष उपयोग होईल. वाळलेली फांदी तोडण्यापूर्वी तीत तांबटाची ढोली आहे काय, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. तलावाचे काम पाहुणे गेल्यानंतर हाती घेता येते, पण ते केव्हा गेले हे कोणी तरी लिहून ठेवलेले असावयास हवे.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा कालावधी मारुती चितमपल्ली व डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनांनिमित्त पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. तो पाहुण्यांच्या स्वागताचा सप्ताह होय. आलेल्या पाहुण्यास पोटभर जेवू घालून वेशीपर्यंत पोहोचविण्याचीही आपली रीत आहे. माघ-फाल्गुनात खाडीचा चिखल व काठची तळी सुरक्षित राखणे, हेच या पाहुण्यांच्या बाबतीत त्या रीतीचे पालन ठरेल.