पाच वेळांचा दिवस

आपल्याकडच्या अनेक मशिदींत भिंतीवर घड्याळाच्या पाच-सहा तबकड्या ओळीने लावलेल्या दिसतात. त्यांचे काटे चालत नाहीत. फजर, जोहर, असर, मगरीब आणि ईशा हे रोजचे पाच नमाज, आणि सहावी तबकडी जुम्याची. कोणत्या नमाजाची जमात किती वाजता उभी राहील, ते दाखवण्यासाठी हे काटे हाताने लावून ठेवलेले असतात. ऋतू पालटतो तसे ते थोडे पुढेमागे सरकवावे लागतात, कारण या वेळा घड्याळाने ठरवलेल्या नसून सूर्याने ठरवलेल्या आहेत.

इस्लामच्या पाच आधारस्तंभांत श्रद्धेच्या उच्चारानंतर नमाजाचा क्रम येतो. रोजा वर्षातून एक महिना, जकात वर्षातून एकदा, हज ऐपत असल्यास आयुष्यात एकदा. नमाज मात्र दररोज. प्रौढ, शुद्धीवर असलेल्या प्रत्येक मुसलमानावर तो बंधनकारक आहे. इतर धर्मकर्तव्यांपेक्षा त्याचे वेगळेपण या रोजच्या आवर्तनात आहे. या नियमितपणाला एवढे महत्त्व का आले, हे समजून घ्यायचे तर नमाजाचे नियम कोठे वाकतात आणि कोठे वाकत नाहीत, हे पाहणे उपयोगी ठरते.

आधी घडण पाहू. नमाजाचे एकक म्हणजे रकात. उभे राहून पठण, कमरेत वाकून रुकू, कपाळ जमिनीला टेकवून दोन सजदे, अशी एक रकात होते. फजरच्या दोन, जोहर व असरच्या चार-चार, मगरीबच्या तीन आणि ईशाच्या चार, मिळून दिवसाच्या 17 रकाती फर्ज आहेत. प्रत्येक रकातीत कुराणाचा सात आयतींचा पहिला अध्याय, फातिहा, म्हटला जातो. मिअराजच्या परंपरेनुसार, म्हणजे पैगंबरांच्या स्वर्गारोहणाच्या कथेनुसार, आरंभी 50 नमाजांची आज्ञा झाली होती आणि मूसाच्या सल्ल्यावरून पैगंबर पुन्हा पुन्हा परत गेल्याने ती पाचांवर आली. म्हणजे परंपरेने स्वतःच या नियमाची कथा सवलतीची कथा म्हणून जपली आहे.

ही सवलत पुढच्या नियमांतही उतरलेली आहे. वुजूसाठी पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकवून तयम्मुम करता येते. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर आडवे पडून, तेही जमत नसेल तर खुणेने नमाज होतो. प्रवासी चार रकातींच्या जागी दोन पढतो. किब्ल्याची, म्हणजे मक्केतील काबागृहाची, दिशा कळत नसेल तर प्रामाणिक अंदाज पुरतो. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीला नमाज माफ आहे आणि राहिलेले नमाज नंतर भरूनही काढावे लागत नाहीत. रणांगणावर तर सैन्याचे दोन गट करून एकाने पहारा द्यावा आणि दुसऱ्याने नमाज पढावा, अशी तजवीज खुद्द कुराणात आहे. पाणी, आसन, संख्या, दिशा हे सारे वाकते. वेळेच्या बाबतीत मात्र सूट फार मर्यादित आहे. प्रवासात दोन नमाज जोडून पढण्यास शाफई पंथ परवानगी देतो, हनफी पंथ हजमधले ठरावीक प्रसंग सोडून देत नाही. शिया परंपरेत पाच नमाज बहुधा तीन वेळांत पढले जातात. पण दिवस बिननमाजाचा जाऊ नये, यावर सर्वांचे एकमत आहे. चुकलेला नमाज कजा म्हणून फेडावा लागतो. शब्दच देण्याघेण्यातला वाटावा असा.

या वेळा सूर्यावरून ठरतात, तरी पूजा सूर्याची नव्हे, याची दक्षता घेतलेली आहे. आपल्याकडे संध्येचे नावच संधिकाळावरून पडले. नमाजात उलट सूर्य उगवतानाचा, ऐन माथ्यावरचा आणि मावळतानाचा क्षण सर्वसाधारणपणे टाळायचा असतो. असरची वेळ सावलीवरून काढतात. मध्यान्हीची सावली वजा जाता वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली की असर सुरू, असे शाफई मानतात. दुप्पट झाल्यावर, असे प्रचलित हनफी मत. महाराष्ट्रात हा भेद प्रत्यक्ष पाहता येतो. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई, तर देशावरचे बहुसंख्य सुन्नी हनफी. त्यामुळे एकाच सूर्याखाली असरच्या दोन वेळांत सुमारे तासाभराचे अंतर पडते आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

या सावल्यांचे गणित करण्यासाठी मोठ्या मशिदींत मुवक्कित, म्हणजे वेळ ठरवणारा ज्योतिर्विद, नेमला जाऊ लागला. दमास्कसच्या उमय्यद मशिदीचा मुवक्कित इब्न अल-शातिर याने चौदाव्या शतकात तिथल्या मिनारासाठी संगमरवरी छायायंत्र घडवले. त्याच्या चंद्रगतीच्या प्रतिमानाचे पुढे कोपर्निकसच्या प्रतिमानाशी आश्चर्यकारक साम्य आढळले.

सूर्यच नीट मावळत नसेल तर काय? बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान 922 मध्ये व्होल्गाकाठच्या बुल्गारांकडे पोहोचला. ईशाची बांग समजून तो तंबूबाहेर आला, तर पहाट उजाडत होती. तिथल्या मुअज्जिनाने सांगितले, की फजर चुकेल या धास्तीने आपण महिनाभर रात्री झोपलेलो नाही. 2007 मध्ये मलेशियाचा अंतराळवीर शेख मुस्झफर शुकोर अंतराळ स्थानकावर गेला, तेव्हा दिवसाला सुमारे 16 सूर्योदय होणार होते. धर्मशास्त्रींनी तोडगा काढला: 24 तासांचा एक दिवस धरावा आणि जिथून यान उडाले तिथल्या वेळा पाळाव्यात. नमाज 80 झाले नाहीत आणि शून्यही झाले नाहीत.

मग हे सारे यांत्रिक होत नाही का? हा प्रश्न बाहेरच्यांनीच विचारला असे नाही. कुराणाच्या 107 व्या अध्यायात नमाजाविषयी बेफिकीर असणाऱ्यांना, दिखाव्यासाठी पढणाऱ्यांना आणि शेजाऱ्याला साधी गरजेची वस्तूही नाकारणाऱ्यांना कडक शब्दांत फटकारले आहे. 1111 मध्ये निधन पावलेल्या गजालींनी अंतःकरणाच्या उपस्थितीशिवाय नमाज कसा पोकळ राहतो, याची सविस्तर चर्चा केली. दुसऱ्या बाजूला, आळसाने नमाज सोडणारा मुसलमान उरतो का, यावरही वाद झाला. हंबली परंपरेत कठोर मत प्रबळ होते. अबू हनीफांच्या परंपरेने त्याला पापी म्हटले, पण धर्माबाहेर काढले नाही.

या दोन टोकांमध्ये नियमितपणाचा अर्थ सापडतो. मन रोज पाचही वेळा हजर असेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. शरीराला मात्र हजर करता येते. मन येईल तेव्हा त्याला जागा तयार असावी, म्हणून ती रोज झाडून ठेवायची. भिंतीवरच्या त्या न चालणाऱ्या काट्यांचे काम एवढेच आहे. आणि ते सरकवायला दर काही दिवसांनी माणसालाच उठावे लागते.