बॅटरी भरण्यास लागणाऱ्या वेळाचा अंदाज

अनेक प्राथमिक शाळांत आता पंखे, दिवे व चित्रपडदा यांसाठी इन्व्हर्टर बसविलेला असतो. वीज गेली असता पाठ चालू राहील किंवा नाही, हे बॅटरीतील साठ्यावर अवलंबून असते. म्हणून ती भरण्यास किती वेळ लागेल, याचा अंदाज शिक्षकांस काढता येणे इष्ट आहे. हे गणित हौद व तोटीच्या गणिताहून फारसे निराळे नाही.

बॅटरीवर ‘१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास’ असे लिहिलेले असल्यास १५० हे हौदाचे माप समजावे. चार्जर १५ अँपिअर प्रवाह देत असेल, तर ती तोटीची धार होय. १५० ला १५ ने भागता १० तास येतात.

प्रत्यक्षात मात्र वेळ अधिक लागतो. दिलेल्या विजेचा काही भाग उष्णतेत व बॅटरीतील पाण्याच्या विघटनात खर्ची पडतो. यास्तव शिसे-आम्लाच्या बॅटरीसाठी आलेले उत्तर सुमारे १.२ ने गुणावे. म्हणजे १२ तास होतील. शिवाय बॅटरी भरत आली की चार्जर प्रवाह कमी करीत जातो. त्यासाठी आणखी दोन-तीन तास धरावेत. बॅटरी अर्धीच रिकामी असेल, तर ७५ अँपिअर-तासांचाच हिशेब करावा.

आता असे समजा की, गावात शाळेच्या वेळेपूर्वी चारच तास वीज असते. १५ गुणिले ४ म्हणजे ६०, त्यास १.२ ने भागता ५० अँपिअर-तास साठले. वर्गातील उपकरणे २५० वॅटची असल्यास, इन्व्हर्टरमधील घट धरून, बॅटरीतून सुमारे २५ अँपिअर प्रवाह जातो. अर्थात साठा दोन तास पुरेल. रोज तीन तास वापर केल्यास दररोज २५ अँपिअर-तासांची तूट पडेल व तीन दिवसांत भरलेली बॅटरी अर्धी रिकामी होईल. अशी तूट दीर्घकाळ राहिल्यास पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर जमतात आणि बॅटरीची धारणशक्ती कायमची घटते. तेव्हा वापर कमी करावा, अथवा सुटीच्या दिवशी ती पूर्ण भरून घ्यावी.

भरताना हायड्रोजन वायू निघतो. म्हणून खोलीत हवा खेळती ठेवावी व जवळ ज्योत नेऊ नये. पाण्याची पातळी उतरल्यास केवळ ऊर्ध्वपातित पाणीच घालावे.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून आपल्या शाळेच्या बॅटरीचे आकडे घेऊन हे उदाहरण सोडवून घ्यावे. काढलेला अंदाज व प्रत्यक्ष लागलेला वेळ यांची नोंद महिनाभर फळ्यावर ठेवल्यास गणित व विज्ञान या दोन्ही विषयांचा पाठ सहज साधेल.